चिलमीला तळ नसतो

चिलमीला तळ नसतो. दोन्ही तोंडं उघडी, मधे आरपार पोकळी. वरचं तोंड रुंद, खालचं अरुंद, लांबी फार तर वीतभर. दांडी नाही, मूठ नाही, ओठांत धरायला नळी नाही. इंग्रजी धाटणीचा लाकडी पाईप पाहिलेल्या माणसाला ती अपुरी वाटते. कुंभार काहीतरी घडवायला बसला आणि कोणी हाक मारली म्हणून मधेच उठून गेला असावा, असंच वाटतं.

ती अपुरी नाही हे भरताना कळतं. चिलमीत आधी एक खडा टाकतात. निमुळत्या पोकळीतून तो खाली घरंगळतो आणि जिथे अडायचा तिथे अडून बसतो. खडा पुरता गोल आणि गुळगुळीत असून चालत नाही. त्याला कंगोरे लागतात, म्हणजे कडेकडेने हवेला वाट राहते आणि तंबाखू मात्र वर थोपून धरली जाते. खड्यावर तंबाखू, तंबाखूवर निखारा. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची. मग ते टोक मुठीत उभं धरायचं, बोटांच्या फटी बुजवायच्या आणि अंगठ्यापाशी राहिलेल्या जागेला तोंड लावून दम मारायचा. ओठ चिलमीला लागतच नाहीत. धूर छापीतून गाळून निघतो, मुठीच्या पोकळीत येऊन जरा निवतो आणि मग तोंडात जातो.

म्हणजे तळाचं काम खड्याने केलं, गाळणीचं छापीने आणि नळीचं ओढणाऱ्याच्या हाताने. कुंभाराने जे जे वगळलं त्याची जबाबदारी त्याने दुसऱ्या कोणावर तरी सोपवली आहे. वेगळ्या घाटाची, चाकोरीबाहेरची वस्तू पाहताना मला हा प्रश्न फार उपयोगी पडत आला आहे: यात काय नाही, आणि जे नाही त्याचं काम कोण करतं? ‘छान’, ‘कलात्मक’, ‘एकदम हटके’ ही विशेषणं नंतर आली तरी चालतात. बहुतेक वेळा त्यांची गरजच उरत नाही.

कर्जतहून कडावमार्गे मुरबाडच्या दिशेने निघालं की वाटेत कशेळे लागतं. इथून एक फाटा आंबिवलीकडे जातो आणि एक रस्ता खांडसला. खांडसहून गणेश घाटाने किंवा शिडीच्या वाटेने भीमाशंकर चढता येतं. आजूबाजूला ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. कशेळ्याचं नाव तंबाखूच्या इतिहासात कुठे येत नाही आणि चिलमींसाठीही ते प्रसिद्ध नाही. तरी धूर ओढण्याच्या हातघडणीच्या साधनांचा विचार करायला ही जागा मला सोयीची वाटते, कारण त्या साधनांचं सगळं सामान इथल्या डोंगरउतारावर उभं आहे. आपटा आहे, टेंभुर्णी आहे, कळक आहे, कुडावरच्या वेलाला लागणारा दुध्या भोपळा आहे. कातकऱ्यांनी ज्याच्यापासून कात काढला तो खैर आहे. चकमकीची ठिणगी धरायला लागणारा कापूस देणारी सावरही आहे.

आंबिवलीवरून वर गेलं की कोथळीगड. पेठचा किल्ला म्हणूनही लोक त्याला ओळखतात. त्याचा सुळका लांबून पाहिला तर पालथी घातलेली चिलीम वाटते, आणि हे साम्य नुसतं बाहेरच्या रेषेपुरतं नाही: सुळका आतून कोरून त्याच्या पोटातून माथ्यापर्यंत पायऱ्या काढल्या आहेत. कातळाच्या बाहेरच्या रूपाला हात न लावता आतून वाट काढायची, हे ज्याला सुचलं तो पाथरवट चांगला पाईप घडवू शकला असता.

वाडीवरचं सगळ्यांत साधं साधन म्हणजे पानाची विडी. कारखान्यातली विडी टेंभुर्णीच्या म्हणजे तेंदूच्या पानाची असते, पण महाराष्ट्रात आपट्याची पानंही त्यासाठी वापरली गेली. दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो तेच पान. दोन पाळ्यांचं, जाडसर, वाळलं तरी चटकन न फाटणारं. याच झाडाच्या सालीच्या वाखाचा दोरही होतो. घरगुती विडी वळताना पान किंचित दमट असावं लागतं. कोरडं असलं तर मोडतं, फार ओलं असलं तर पेटत नाही. पान बोटांत तिरकं धरून वळायचं, म्हणजे एक टोक आपोआप रुंद आणि दुसरं बारीक होतं. रुंद टोकाची कड आत दुमडून घ्यायची, की तंबाखू सांडत नाही. वरचा प्रश्न इथे लावून पाहा. या साधनात भांडंच नाही. जे भांडं आहे ते तंबाखूबरोबर जळून जातं. धुवायला काही उरत नाही, सांभाळायला काही उरत नाही, आणि संग्रहालयात ठेवायलाही काही उरत नाही. रचनेच्या इतिहासावरच्या पुस्तकांत विडीला जागा मिळत नाही याचं हे एक कारण असावं. दुसरं कारण ती ओढणाऱ्यांची ऐपत.

पानाची ही कल्पना प्रांतागणिक वेगळं रूप घेते. गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून धुमटी करत. काही बायका तिचं पेटतं टोक तोंडात धरून ओढत. छत्तीसगडात पानाच्या सुरळीची चोंगी करतात. भावनगरकडे पानाऐवजी हुकली, म्हणजे मातीची चिमुकली वाटी आणि तिला आखूड लाकडी नळी. जपानमधल्या किसेरू या पाईपची धातूची वाटी इतकी लहान असते की तीत चिमूटभर तंबाखू मावते, कारण तिथे तंबाखू केसासारखी बारीक कापायची पद्धत होती. दोन-तीन झुरक्यांत चिमूट संपते, राख झटकायची, पुन्हा भरायची. विक्षिप्त वाटणारा आकार पाहिला की त्यात काय भरत असत हे विचारावं. निम्मा विक्षिप्तपणा तिथेच उलगडतो.

आता जरा मागे जाऊ. भारतात तंबाखू पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली आणि दख्खनमध्ये आधी रुजली. १६०३-०४च्या सुमारास अकबराने असद बेग नावाच्या आपल्या माणसाला आदिलशाहीत विजापूरला पाठवलं होतं. तिथे त्याने तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि बादशहाला नजर करायला बरोबर घेतली. ती ओढण्यासाठी त्याने जो पाईप तयार करवला त्याचं वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचताना एखाद्या हौशी कारागिराची टिपणवही वाचल्यासारखं वाटतं. नळी सुमात्रातल्या आचे बंदराकडची, तीन हात लांब, वाळवून रंगवलेली, दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकाम. ओठांत धरायच्या जागी येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा, जो त्याला योगायोगाने मिळाला होता. पेटवायला सोन्याचं पात्र. नळी ठेवायला चांदीची नळकांडी, तिच्यावर जांभळी मखमल. आदिलशहाने भेट दिलेल्या विड्याच्या पिशवीत त्याने तंबाखू भरली आणि सगळं चांदीच्या तबकात मांडून आग्र्याच्या दरबारात ठेवलं.

हा पाईप घडवताना त्याच्यासमोर कुठलाही देशी नमुना नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काय नियम पाळायचा आणि काय मोडायचा, हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून त्याने हाताशी असलेल्या श्रीमंती वस्तूंची जुळणी केली: सुमात्रा, येमेन, विजापूर. अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि हकीम आडवा आला. आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, गुणदोष ठाऊक नाहीत, तेव्हा नको. त्यावर असद बेगाने वाद घातला, की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती, आदमच्या काळापासून लोकांनी ती हळूहळू शोधून काढली. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण दरबाऱ्यांनी मागण्या लावल्या. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचं काय झालं हे सांगायला नको. असद बेगाचा युक्तिवाद कारागिरीपुरता बिनतोड आहे. तब्येतीपुरता हकीमच बरोबर होता.

आणि ते इथेच नोंदवून पुढे जातो. तंबाखूने आपल्याकडे किती घरं उजाड केली हे मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात एक फेरी मारली तरी दिसतं. हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये कायद्याने बंदी आली, त्याआधीच्या डिसेंबरात मुंबईच्या कमला मिल आवारातल्या आगीत १४ माणसं गेली होती. तलवारीच्या मुठीचं नक्षीकाम पाहायला कोणाचा गळा कापावा लागत नाही. पाईपही न ओढता पाहता येतो. इथे तेवढंच करायचं आहे.

असद बेगाच्या पाईपात पाणी नव्हतं. पाण्यातून धूर काढणारा हुक्का लवकरच सगळीकडे पसरला आणि त्याच्या पाणीपात्रावर दख्खनने जी करामत केली ती बिदरची. बिदरी काम जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूत होतं, जस्त पुष्कळ आणि तांबं थोडं, साधारण सोळास एक. वाळूच्या साच्यात ओतलेलं पात्र कानशीने साफ करून त्याला मोरचुदाचं पाणी फासतात. पृष्ठभाग तात्पुरता काळवंडतो, म्हणजे त्यावर नक्षीची रेघ उठून दिसते. मग बारीक छिन्नीने खाचा पाडून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवायचा. या टप्प्यावर वस्तू दिसायला अगदी सामान्य असते: करड्या धातूत पांढरी चांदी, धड काही उठावच नाही. शेवटी नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती कालवून तो लगदा तापलेल्या पात्राला चोळतात. जस्ताचा मिश्रधातू कायमचा काळा कुळकुळीत होतो आणि चांदीला काहीच होत नाही. सगळं रूप त्या एका क्षणी उजळतं.

सतराव्या शतकातली बिदरी हुक्क्याची पात्रं चेंडूसारखी गोल असत. गोल वस्तू सपाट जागेवर ठरत नाही, म्हणून तिच्याखाली वेगळं कडं ठेवावं लागे. पुढे अठराव्या शतकात घंटेचा घाट आला, बूड सपाट आणि रुंद, कडं गेलं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरीचा मोठा संग्रह आहे. तिथे पाहताना घंटेच्या घाटाची पात्रं अधिक शहाणी वाटतात आणि गोल पात्रं अधिक देखणी. माझा कल गोल पात्राकडे आहे. ते कड्यावाचून उभं राहू शकत नाही, ही त्याची उणीवच त्याला रुबाब देते.

गरिबाघरच्या गुडगुडीत हेच पात्र नारळाच्या करवंटीचं. करवंटीला निसर्गानेच डोळे दिलेले आहेत. एक मोठा करायचा, नळी खुपसायची, दुसरं भोक कडेला पाडायचं. कोकणात नारळ फुकट नसला तरी करवंटी फुकट. तिचा आकार कोणी ठरवला नाही, आणि दोन करवंट्या सारख्या नसतात. म्हणजे हुक्क्याच्या जगात साचा आणि साच्याबाहेरचं हे दोन्ही एकाच वेळी नांदत होते. एकावर चांदी चढत होती आणि दुसऱ्यावर धुराची पुटं.

युरोपात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथल्या मातीच्या पाईपला लांब नळी आणि तिच्या टोकाला वाटी, दोन भागांच्या साच्यातून काढलेली. सुरुवातीला तंबाखू महाग होती तेव्हा वाट्या अगदी इवल्या. तंबाखू स्वस्त होत गेली तशा वाट्या मोठ्या झाल्या. नळ्या लांब झाल्या तशी आतली तार बारीक करावी लागली आणि भोक अरुंद झालं. अमेरिकेतल्या उत्खननांत सापडलेल्या तुकड्यांची भोकं मोजून जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं, की १६००च्या आसपास इंचाच्या ६४ भागांतले ९ भाग असलेलं भोक १८०० येईपर्यंत ४ भागांवर आलं. तुकडा मोजा, काळ कळेल. आपल्या चिलमीबाबत ही युक्ती चालत नाही. तिला ना वेगळी नळी, ना तार. तिचं भोक खड्यापुरतं असावं लागतं, आणि खड्याची फॅशन बदलत नाही.

मग आलं ब्रायर. भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एरिका जातीच्या झुडपाच्या मुळाशी गाठ धरते. ती कठीण असते आणि सहसा जळत नाही. गाठ खणून काढायची, तासन्‌तास उकळून तिच्यातला रस काढायचा, मग महिनोन्‌महिने सुकवायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सेंक्लोद गावाने या लाकडाचे पाईप जगभर पोचवले आणि इंग्रजांनी त्यांचे घाट पक्के केले. बिलियर्ड, बुलडॉग, अ‍ॅपल, डब्लिन. या घाटांची मापं इतकी ठरून गेली की ‘बिलियर्ड’ म्हटलं की जाणकाराच्या डोळ्यांसमोर वाटीची उंची आणि नळीची लांबी प्रमाणात उभी राहते. कारखान्यात ठोकळ्याला आधी यंत्रावर दोन भोकं पाडत, एक तंबाखूचं आणि एक हवेचं, आणि त्या भोकांच्या भोवती आकार कोरत. लाकडाची रेषा कशी जाते याला फारसं महत्त्व नव्हतं. रेषा आडवी गेली किंवा लाकडात खड्डा निघाला तर लांबी भरून रंग द्यायचा.

ही चाकोरी मोडली ती डेन्मार्कमध्ये, आणि तिच्यामागे टंचाईचाही हात होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रायर येणं बंद झालं, तिथे बीच लाकडाचे पाईप होऊ लागले. युद्धानंतर कोपनहेगनमध्ये पाईप दुरुस्त करता करता सिक्स्टेन इव्हार्सन या मूळच्या स्वीडिश माणसाने (१९१०–२००१) क्रमच उलटा केला: आधी लाकूड वाचायचं, रेषा जिकडे नेईल तिकडे आकार काढायचा, भोकं शेवटी. ऐकायला सोपं आहे. पण आकार आधी झाला की भोक पाडताना चुकायला जागा राहत नाही. हवेची वाट तंबाखूच्या वाटीला बरोबर तळाशी, मध्यावर मिळाली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर वर मिळाली तर तळाशी ओली तंबाखू साचून राहते आणि पाईप गुरगुरतो, खाली गेली तर वाटीला भोक पडून सगळं वाया. तंबाखूची वाटी साधारण १९-२० मिलिमीटर रुंद, हवेची वाट साडेतीन ते चार. या दोन पोकळ्या आत अचूक जुळवून बाहेरून मात्र सगळं सहज वाढल्यासारखं दिसायला हवं. इव्हार्सनने नळीसाठी बांबूच्या पेरांचाही उपयोग केला. प्रत्येक पेराचं अंतर वेगळं, त्यामुळे दोन पाईप जुळे होणं शक्यच नव्हतं. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत जपानचे हिरोयुकी तोकुतोमी होते. पुढे त्यांच्या पाईपांत डावी-उजवी बाजू सारखी असण्याचा आग्रहच गळून पडला.

डेन्मार्कच्या या लाटेवर बरंच काही वाहून आलं. १९७० च्या दशकात प्रेबेन होल्म यांच्या धर्तीचे दांडगे, पंख फुटलेले, वाटीच्या कडेला ब्रायरची खडबडीत साल तशीच ठेवलेले पाईप अमेरिकेत मोठ्या प्रमाणात खपले. त्यांतले काही सुरेख आहेत. बरेचसे मात्र समुद्राने काठावर टाकलेल्या ओंडक्यासारखे दिसतात आणि तोंडात धरले तर जबडा दुखवतात. चाकोरी मोडणं हीच चाकोरी झाली की असं होतं. वाटीच्या कडेला साल का ठेवली, असं विचारलं आणि ‘वेगळं दिसावं म्हणून’ याखेरीज उत्तर मिळालं नाही, तर तो पाईप खाली ठेवलेला बरा. इव्हार्सनच्या पाईपात मात्र वाटी एका बाजूला कललेली दिसली की लाकडाची रेषाही त्याच बाजूला कललेली सापडते. एकाला कारण आहे, दुसऱ्याला फक्त हौस.

भोपळ्याचा पाईप या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतो. दक्षिण आफ्रिकेत भोपळा वेलावर वाढत असतानाच त्याची मान हळूहळू वाकवून घेतात, वाळल्यावर कापतात आणि वरच्या रुंद तोंडात वेगळी वाटी बसवतात. खालची पोकळी मोठी, तिथे धूर थंडावतो. शेरलॉक होम्सच्या चित्रांत हाच पाईप दिसतो, पण कॉनन डॉयलने त्याला मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाईप दिला होता, भोपळ्याचा नाही. नाटक-सिनेमावाल्यांनी दिला. हा भोपळा म्हणजे आपला दुध्याच, एकच जात. पालघरकडे वारली आणि कोकणा मंडळी त्याच भोपळ्याचा तारपा करतात, आणि वाळलेल्या तुंब्यातून पाणी नेण्याची रीत डोंगरभर होती. तोच भोपळा एका देशात धुरासाठी पोकळ केला जातो आणि दुसऱ्या देशात सुरासाठी. दोन्हीकडे घाट वेल ठरवतो. माणूस फक्त वेळेवर मान वाकवतो.

चिलमीकडे परत येतो, कारण तिच्याबद्दल सांगायचं राहिलंच आहे ते तिच्या घडणीबद्दल. कुंभार चिलमीसाठी वेगळा गोळा घेत नाही. चाकावर मातीचा एक उंच ढीग उभा करतो आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलमी काढत जातो. अंगठ्याने वरचं तोंड उघडायचं, माती वर खेचायची, काडीने आतली वाट सरळ करायची, बाहेरून ओल्या बोटाने एक-दोन वळ्या उठवायच्या, दोऱ्याने कापायची. पुढची. पणतीएवढाही वेळ लागत नाही. त्या वेगामुळे प्रत्येकीत किंचित फरक पडतो: एखादीची वळी वर चढते, एखादीचं तोंड किंचित पसरतं. आव्यात भाजल्यावर ज्वाला जिथे लागली तिथे ती काळी, बाकी तांबडी. इव्हार्सनला ज्यासाठी लाकूड वाचत बसावं लागत होतं ते इथे हाताच्या घाईतून आपोआप घडतं, आणि त्यावर कोणाची सही नसते.

सही असलेल्या चिलमीही झाल्या. साठ-सत्तरच्या दशकांत गोव्याच्या किनाऱ्यांवर जे परदेशी येऊन राहिले त्यांनी चिलीम उचलली आणि इटालियन कारागिरांनी ती नव्याने घडवली. भोक आरपार काटेकोर, भिंत सर्वत्र सारख्या जाडीची, पृष्ठभाग घासून आरशासारखा, आणि खडासुद्धा त्या विशिष्ट चिलमीच्या मापाने घासून खाचा पाडलेला. त्यांत बहुतेक वेळा तंबाखूपेक्षा भलतंच काही असे, त्याची उठाठेव पोलिसांनी करावी. कारागिरी म्हणून ते काम अव्वल आहे. पण खडा मापाचा झाला तिथे काहीतरी निसटलं. कुंभाराच्या चिलमीला रस्त्यावरचा कुठलाही कंगोरेदार खडा चालतो. हरवला तर दुसरा. इटालियन चिलमीचा खडा हरवला तर चिलीम गेली.

ओठ न लागण्याची गोष्टही नुसती सोयीची नव्हती. उष्टं, विटाळ, कोणाच्या हातचं चालतं आणि कोणाच्या नाही, हे सगळं ज्या गावगाड्यात पावलोपावली पाळलं जाई तिथे ओठ न लागणारं साधन एका हातून दुसऱ्या हातात जाणं जरा सोपं होतं. तरी सगळीकडे आणि सगळ्यांबरोबर नाहीच. छापीवरून भांडणं होत, आणि जातीबाहेर टाकलेल्याचा हुक्का आधी बंद होई. या पार्श्वभूमीवर शिर्डीच्या साईबाबांनी भक्तांमध्ये चिलीम फिरवणं याला वेगळा अर्थ येतो. त्यांच्या चिलमी शिर्डीत जपून ठेवल्या आहेत, अगदी साध्या, बाजारात मिळतात तशा. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथांतही चिलीम पहिल्यापासून आहे. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सोनाराने विस्तव नाकारला, तेव्हा चिलमीवर नुसती काडी धरताच ती पेटली, ही कथा दासगणूंनी ओवीबद्ध केली आणि घरोघर पोचली. त्या कथेत लक्ष चमत्काराकडे जातं. मला त्या सोनाराची अडचण कळते: सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर देऊ नये, हा संकेत तो पाळत होता. चिलीम एकट्याने पेटत नाही. तिला शेजाऱ्याचा निखारा लागतो, किंवा चकमक, गार आणि सावरीच्या कापसाची चिमूट.

संग्रहालयात चिलीम ठेवतात ती उघडी, आडवी, खडा आणि छापीवाचून. पाटीवर माती, काळ, प्रदेश. अर्धी वस्तू काचेत असते आणि उरलेली अर्धी पाहणाऱ्याच्या हाताला लोंबत असते. तिथल्या राखणदाराला हसू आलं तरी चालेल, पण काचेसमोर उभं राहून रिकामी मूठ वळून पाहावी. करंगळी कुठे येते, अंगठ्यापाशी किती फट राहते, हे कळलं की काचेतल्या त्या मातीच्या तुकड्याचं खालचं टोक तेवढंच अरुंद का आहे ते दिसतं.

महाशिवरात्रीच्या सुमारास भीमाशंकरसारख्या ठिकाणी जत्रेच्या पालांत रुद्राक्षाच्या माळा, शंख आणि भस्माच्या पुड्यांशेजारी अजूनही मातीच्या चिलमी दिसतात. वाड्यांवरच्या पोरांना त्यांचं काही पडलेलं नाही. त्यांना पुडीतली तंबाखू किंवा सिगारेट सोपी वाटते, आणि कुंभारालाही दिवाळीच्या पणत्यांत जास्त सुटतात. पण जाणता गिऱ्हाईक आला तर तो कशी निवडतो हे पाहण्यासारखं असतं. रंग, नक्षी, वळ्या यांकडे तो बघतच नाही. चिलीम उचलून रुंद तोंड डोळ्याला लावतो आणि उन्हाकडे रोखतो. पलीकडचा उजेड गोल दिसला तर वाट सरळ आहे, अर्धचंद्र दिसला तर काडी वाकडी गेली. मग नखाने टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर भाजणी नीट झाली, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. शेवटी मुठीत बसवून पाहतो. त्याची मूठ मोठी असेल तर तो जाड बुडाची घेतो, आणि जिची वळी जरा तिरकी चढली आहे ती नेमकी त्याच्या तर्जनीखाली बसली, तर पालवाला सरळ वळीची पुढे करत असतानाही तीच तिरकी पसंत करतो.